अमेरिकेत एनपीचं शिक्षण घेताना क्लिनिकल प्लेसमेंट कशी ठरवावी

नर्स प्रॅक्टिशनरच्या (एनपी, म्हणजे स्वतः रुग्ण तपासून औषधं लिहून देणारी नर्स) अभ्यासक्रमाला प्रवेश मिळतो, फार्माकॉलॉजी घासूनपुसून पार पडते, नोकरी सांभाळून असाइनमेंटही होतात. गाडी अडते ती क्लिनिकलच्या, म्हणजे प्रत्यक्ष रुग्ण तपासून शिकण्याच्या तासांपाशी. सेमिस्टर तोंडावर आलं तरी प्रिसेप्टर (क्लिनिकमध्ये हाताखाली घेऊन शिकवणारा एनपी किंवा डॉक्टर) ठरलेला नाही, म्हणून वर्ष लांबलेले विद्यार्थी दर बॅचमध्ये सापडतात. भारतातून आरएन (नोंदणीकृत नर्स) म्हणून गेलेल्यांना हे जास्त जड जातं. आपल्याकडे कॉलेज ड्युटीचा तक्ता लावतं, बस येते, वॉर्ड ठरलेला असतो. अमेरिकेत बऱ्याच अभ्यासक्रमांत क्लिनिक शोधण्यापासून कागद गोळा करण्यापर्यंतची धावपळ विद्यार्थ्याच्याच गळ्यात पडते, ऑनलाइन अभ्यासक्रमांत तर विशेष करून.

एक गोष्ट सुरुवातीलाच पक्की करून ठेवा. प्रिसेप्टर ‘हो’ म्हणाला म्हणजे प्लेसमेंट झाली असं नाही. विद्यापीठ आणि क्लिनिक यांच्यात दोन्ही बाजूंनी सही झालेला करार हवा, प्रिसेप्टरला विद्यापीठाची मान्यता हवी आणि तुमची आरोग्याची कागदपत्रं विद्यापीठाच्या पोर्टलवर हिरवी, म्हणजे पूर्ण दिसायला हवीत. यातलं एक जरी राहिलं तरी त्या दिवसाआधी केलेले तास धरले जात नाहीत. ‘कागद येतोय, तोवर या’ असं क्लिनिकनं प्रेमानं म्हटलं तरी जाऊ नका. ते तास बुडीत जातात, शिवाय विद्यापीठाच्या दृष्टीनं तो शिस्तभंग ठरू शकतो.

प्रवेश घेण्याआधी विचारायचे प्रश्न

पहिला प्रश्न: जागा कोण शोधणार? माहितीपत्रकात ‘आम्ही मदत करतो’ असं लिहिलेलं असतं. या मदतीचा अर्थ कुठे स्वतंत्र प्लेसमेंट टीम असा असतो, तर कुठे जुन्या क्लिनिकांची एक यादी ईमेलनं पाठवणं एवढाच. म्हणून नेमकं विचारा: मला ठरावीक तारखेपर्यंत जागा मिळाली नाही तर विद्यापीठ जागा देतं का? किती मैलांच्या आत? त्या सेमिस्टरची फी पुढे सरकवता येते का? उत्तर ईमेलवर घ्या, फोनवर नको.

दुसरा प्रश्न राज्याचा. तुम्ही ज्या राज्यात रुग्ण तपासणार, त्या राज्यात चालणारं आरएनचं लायसन्स लागतं. कॉम्पॅक्ट लायसन्स (अनेक राज्यांत चालणारं एकच लायसन्स) असेल तर सदस्य राज्यांत अडचण येत नाही. पण विद्यापीठालाही त्या राज्यात विद्यार्थी ठेवायची मुभा असावी लागते. बहुतेक राज्यं सारा नावाच्या आंतरराज्य करारात आहेत, कॅलिफोर्निया त्यात नाही. शिवाय बाहेरच्या राज्यातल्या एनपी अभ्यासक्रमाला कॅलिफोर्नियात विद्यार्थी पाठवायचे असतील तर तिथल्या नर्सिंग बोर्डाची वेगळी मान्यता लागते. टेक्सासमध्ये शिकायला सुरुवात केली आणि मध्येच नवऱ्याची बदली कॅलिफोर्नियातल्या बे एरियात झाली, की इथेच अडकायला होतं. घर बदलण्याची शक्यता असेल तर दोन्ही राज्यांबद्दल आधीच विचारून ठेवा.

एफ-वन या विद्यार्थी व्हिसावर असाल तर कॅम्पसबाहेरच्या क्लिनिकलसाठी सीपीटी (अभ्यासक्रमाचा भाग म्हणून बाहेर काम करण्याची परवानगी) लागू शकतं आणि त्याची नोंद पहिल्या दिवसाआधी आय-ट्वेंटीवर, म्हणजे विद्यापीठानं दिलेल्या प्रवेशाच्या कागदावर व्हावी लागते. आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाला पहिल्या सेमिस्टरमध्येच गाठा. ग्रीन कार्डवर आलेल्यांना हा प्रश्न नाही.

तासांचा हिशेब

एनपी शिक्षणाच्या २०२२ च्या राष्ट्रीय मानकांनुसार प्रत्यक्ष रुग्णसेवेचे किमान ७५० तास हवेत. एएनसीसी आणि एएएनपीसीबी या प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थांची किमान अट ५०० तासांची आहे, म्हणून जुन्या लेखांत ५०० हा आकडा दिसतो. तुमच्यासाठी तुमच्या अभ्यासक्रमाचा आकडाच खरा. सिम्युलेशन लॅबमधले तास ७५० मध्ये मोडत नाहीत.

समजा एका सेमिस्टरला १८० तास करायचे आहेत आणि सेमिस्टर १५ आठवड्यांचं आहे. भागाकार सांगतो, आठवड्याला १२ तास. हा हिशेब फसवा आहे. थँक्सगिव्हिंगचा आठवडा, प्रिसेप्टरची रजा, बर्फामुळे बंद पडलेलं क्लिनिक, तुमचा स्वतःचा ताप हे सगळं धरून १३ आठवडेच हातात आहेत असं माना. मग आठवड्याला १४ तास येतात, म्हणजे पूर्ण दोन दिवस. आठ तासांच्या दिवसात जेवणाचा अर्धा तास बहुतेक ठिकाणी मोजत नाहीत, तेव्हा दिवसाचे साडेसात, आठवड्याचे १५. या वेगानं १२ आठवड्यांत काम होतं आणि थोडी उसंत उरते. नोकरीच्या ठिकाणी हे दोन दिवस मोकळे मिळतील का, ते मॅनेजरशी आधी बोलून घ्या. रात्रपाळी उरकून सकाळी क्लिनिकला जाण्याचा बेत कागदावर छान दिसतो, तिसऱ्या आठवड्यात कोसळतो. काही विद्यापीठं त्याला सरळ मनाईच करतात.

एफएनपी (फॅमिली एनपी) करणाऱ्यांना सगळे वयोगट लागतात: मुलं, प्रौढ, वृद्ध आणि स्त्री-आरोग्य. प्रौढांचे तास कुठेही मिळतात. बालरोग आणि स्त्री-आरोग्याच्या जागा मात्र कमी आणि मागणारे फार, त्यात मेडिकलचे आणि पीएचे (फिजिशियन असिस्टंट) विद्यार्थीही रांगेत असतात. म्हणून शोधाची सुरुवात या दोनांपासून करा, भले ते रोटेशन (एका विभागातला क्लिनिकलचा टप्पा) तुमच्या क्रमात शेवटी का असेना. फॅमिली प्रॅक्टिस मिळाली तरी तिथे मुलं खरोखर येतात का ते विचारा. पाटीवर ‘फॅमिली’ आणि आत बसलेले सगळे साठीचे, अशी क्लिनिकं पुष्कळ आहेत.

पीएमएचएनपीवाल्यांची (मानसिक आरोग्याचे एनपी) अडचण निराळी. औषधोपचाराचे तास मिळतात, पण एएनसीसीला मानसोपचाराच्या किमान दोन पद्धतींचं प्रत्यक्ष प्रशिक्षणही लागतं. फक्त पंधरा-पंधरा मिनिटांच्या औषध-तपासण्या करणाऱ्या क्लिनिकमध्ये ते होत नाही. थेरपी करणारी दुसरी जागा जोडावी लागते. ॲक्यूट केअर (हॉस्पिटलातले गंभीर रुग्ण) करणाऱ्यांनी उलट बाजूनं काळजी घ्यावी: प्रायमरी केअर क्लिनिकातले तास त्यांच्या कामाचे नाहीत, तसेच एफएनपीला आयसीयूतले नाहीत. आयसीयूत दहा वर्षं काढलेल्या आरएनला तिथेच ओळखीच्या डॉक्टरांकडे तास करायचा मोह होतो. विद्यापीठ ते नाकारतं, कारण प्रमाणपत्र ज्या रुग्णगटाचं, तास त्याच रुग्णगटाचे हवेत.

शोध कुठे घ्यायचा

नऊ ते बारा महिने आधी यादी करायला घ्या. सहा महिने आधी विचारणा, चार महिने आधी करार विद्यापीठाकडे गेलेला, दोन महिने आधी लशींचे कागद पूर्ण. मोठ्या हॉस्पिटल समूहांचे अर्ज ठरावीक मुदतीतच घेतले जातात आणि मुदत संपली की ओळखही चालत नाही.

यादीसाठी सगळ्यात उपयोगी आणि फुकट साधन म्हणजे सरकारची एनपीआय रजिस्ट्री, म्हणजे वैद्यकीय व्यावसायिकांची ऑनलाइन नोंदवही. तिथे झिप कोड आणि ‘नर्स प्रॅक्टिशनर, फॅमिली’ किंवा ‘पीडियाट्रिक्स’ असा प्रकार टाकला की त्या भागातल्या एनपींची नावं, क्लिनिकचा पत्ता आणि फोन मिळतो. पत्ते कधीकधी जुने असतात, तेव्हा क्लिनिकच्या संकेतस्थळावर पडताळा. घरापासून चाळीस मिनिटांच्या अंतरातले झिप कोड घेऊन पन्नासेक जागांची एक्सेल शीट बनवा: नाव, क्लिनिक, मालकी कोणाची, कधी विचारलं, काय उत्तर आलं. मालकीचा रकाना महत्त्वाचा, त्याचं कारण पुढे येईल.

छोट्या, स्वतंत्र क्लिनिकांना प्राधान्य द्या. तिथे निर्णय घेणारी व्यक्ती त्याच इमारतीत बसलेली असते. त्यानंतर सरकारी निधीवर चालणारी कम्युनिटी हेल्थ सेंटर्स, काउंटीचे आरोग्य विभाग, शाळांतली हेल्थ सेंटर्स. विद्यार्थ्यांना शिकवणं त्यांच्या अंगवळणी पडलेलं असतं. माजी सैनिकांच्या व्हीए हॉस्पिटलांत शिकायला उत्तम मिळतं, पण बोटांचे ठसे, विद्यापीठानं द्यायचं पात्रतेचं पत्र, सक्तीचं ऑनलाइन प्रशिक्षण असं सोपस्कारांचं शेपूट लांब आहे. अर्जंट केअर (अपॉइंटमेंटशिवाय किरकोळ तातडीचे रुग्ण पाहणारं क्लिनिक) सहज मिळतं, मात्र तिथले तास किती चालतील यावर बहुतेक विद्यापीठांची मर्यादा असते. टेलिहेल्थचंही तेच.

तुम्ही काम करता ते हॉस्पिटल चालतं, पण तुमचं युनिट आणि तुमचा वरिष्ठ चालत नाही. पगाराचे तास क्लिनिकलमध्ये धरता येत नाहीत. नातेवाईक प्रिसेप्टर म्हणून बाद.

राज्याच्या एनपी संघटनेचं विद्यार्थी सदस्यत्व घ्या. फी कमी असते आणि सभांना जाऊन प्रत्यक्ष भेटलेल्या माणसाकडून होकार मिळण्याची शक्यता अनोळखी माणसाला पाठवलेल्या ईमेलपेक्षा कितीतरी जास्त. आपल्या लोकांना आणखी एक दार उघडं आहे: स्वतःची प्रॅक्टिस असलेले मराठी आणि इतर भारतीय डॉक्टर. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत ते भेटतात. पण आरतीच्या रांगेत रिझ्युमे काढू नका. ओळख करून घ्या, क्लिनिकचं नाव विचारा आणि सोमवारी नाही, मंगळवारी ऑफिसला रीतसर ईमेल करा. ‘काका, जरा बघा ना’ या सुरात मिळालेला होकार ऑफिस मॅनेजरपर्यंत पोहोचत नाही, आणि खरं काम तिच्याच हातात असतं. डॉक्टर प्रिसेप्टर चालतात, मात्र एकूण तासांपैकी काही तास एनपीकडेच करावेत असं विद्यापीठाचं बंधन आहे का ते पाहा.

विचारायचं कसं

फोन उचलणाऱ्या रिसेप्शनिस्टला ‘तुमच्याकडे प्रिसेप्टर आहे का’ असं विचारलं तर ‘आम्ही विद्यार्थी घेत नाही’ हे उत्तर ठरलेलं. ती खोटं बोलत नसते, तिला तेवढंच सांगितलेलं असतं. त्याऐवजी विचारा: ‘विद्यार्थ्यांच्या रोटेशनचं काम तुमच्याकडे कोण पाहतं? त्यांचं नाव आणि ईमेल मिळेल का?’ सोमवारी सकाळी फोन करू नका, शनिवार-रविवारचे सगळे आजारी तेव्हा रांगेत असतात. आठवड्याच्या मधल्या दिवशी, जेवणाच्या सुट्टीच्या थोडं आधी बरं पडतं.

ईमेल आठ-दहा ओळींचा. विषयातच सगळं सांगा: ‘एफएनपी विद्यार्थी, बालरोग, १२० तास, जानेवारी ते एप्रिल’. आत पहिल्या ओळीत तुम्ही कोण, आरएन म्हणून कुठल्या विभागात किती वर्षं. मग नेमकी मागणी: किती तास, कोणत्या तारखांत, आठवड्याचे कोणते वार चालतील. नंतर क्लिनिकची चिंता कमी करणारी माहिती: व्यावसायिक दायित्वाचा विमा विद्यापीठाचा आहे, करार विद्यापीठ पाठवेल, प्राध्यापकांशी संपर्क कसा होईल. मराठी, हिंदी, गुजराती येत असेल आणि त्या भागात तसे रुग्ण असतील तर ते जरूर लिहा, क्लिनिकला दुभाष्या वाचतो. सोबत एकपानी रिझ्युमे जोडा. ‘मला आपल्याकडून खूप शिकायला मिळेल’ छापाची वाक्यं गाळा. वाचणाऱ्याच्या मनात एकच प्रश्न असतो, हा विद्यार्थी माझा दिवस किती लांबवणार?

या प्रश्नाचं एक ठोस उत्तर आहे आणि ते अनेक प्रिसेप्टरांना माहीत नसतं. १ जानेवारी २०२० पासून मेडिकेअरच्या (प्रामुख्यानं ज्येष्ठांसाठीचा सरकारी आरोग्यविमा) नियमांनुसार विद्यार्थ्यानं लिहिलेली नोंद प्रिसेप्टरला पुन्हा लिहावी लागत नाही, तपासून, पडताळून सही केली की पुरते. डॉक्टर, पीए आणि एनपी तिघांनाही हे लागू आहे. म्हणजे चांगली नोंद लिहिणारा विद्यार्थी वेळ खात नाही, वाचवतो. शिवाय प्रमाणपत्राच्या नूतनीकरणात प्रिसेप्टर म्हणून केलेले १२० तास एएनसीसीकडे उपयोगी पडतात. जॉर्जिया, मेरीलँड, हवाई अशा काही राज्यांत अटींत बसणाऱ्या प्रिसेप्टरला कर-सवलतही आहे. हवाईत एका रोटेशनला १,००० डॉलर, वर्षाला कमाल ५,०००.

उत्तर आलं नाही तर आठवड्यानं एकदा, पुन्हा दहा दिवसांनी एकदा आठवण करा. मग पुढच्या नावाकडे वळा.

पैसे देऊन प्रिसेप्टर जुळवून देणाऱ्या कंपन्याही आहेत. एका रोटेशनला हजार डॉलरच्या वर खर्च सहज जातो. काही विद्यापीठांना ते चालतं, काहींना अजिबात नाही. शेवटचा उपाय म्हणून ठीक, पण पैसे भरण्याआधी तीन गोष्टी लेखी घ्या: विद्यापीठानं प्रिसेप्टर नाकारला तर परतावा मिळतो का, मध्येच प्रिसेप्टर सोडून गेला तर दुसरा कोण देणार, आणि करार कुणाच्या नावानं होणार.

करार, म्हणजे खरी अडचण

विद्यापीठाचा त्या क्लिनिकशी आधीच करार आहे का, हे सगळ्यात आधी पाहा. असेल तर तुमचे दोन-तीन महिने वाचले. म्हणूनच यादीत मालकीचा रकाना. दारावरची पाटी एका नावाची असते, कायदेशीर मालक दुसरीच कंपनी असते, आणि करार मालकाशी व्हावा लागतो. ऑफिस मॅनेजरला विचारा: ‘करारावर सही करण्याचा अधिकार कोणाला आहे, आणि कंपनीचं कायदेशीर नाव काय?’ हा एक प्रश्न आधी न विचारल्यानं करार चुकीच्या नावानं बनतो, परत येतो, पुन्हा रांगेच्या शेवटी जातो.

करार सहसा तीन ठिकाणी रखडतो. एक, नुकसानभरपाईचं कलम: अनेक सरकारी विद्यापीठं कायद्यानं दुसऱ्याची जबाबदारी अंगावर घेऊ शकत नाहीत, आणि क्लिनिकच्या वकिलाला ते कलम हवंच असतं. दोन, विम्याची रक्कम. विद्यापीठांचं संरक्षण साधारणपणे एका दाव्याला दहा लाख आणि वर्षाला तीस लाख डॉलर असतं, क्लिनिक जास्त मागू शकतं. तीन, कुणाच्या तरी इनबॉक्समध्ये पडून राहणं. पहिल्या दोन्हींत तुम्ही काही करू शकत नाही. तिसऱ्यासाठी दर आठवड्याला, गोड आवाजात, दोन्हीकडे चौकशी करत राहा. विद्यापीठ म्हणतं क्लिनिककडे आहे, क्लिनिक म्हणतं विद्यापीठाकडे. ‘कोणत्या तारखेला, कोणाला पाठवला’ एवढं विचारलं की फाइल हलते.

लशी आणि चाचण्या: भारतात जन्मलेल्यांसाठी खास

इथे भारतीय विद्यार्थ्यांचे आठवडे वाया जातात. लहानपणी बीसीजी घेतलेली असल्यानं क्षयरोगाची त्वचेवरची चाचणी खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते. मग छातीचा एक्स-रे, डॉक्टरांचं पत्र, लक्षणांचा फॉर्म, सगळं मागे लागतं. बीसीजी झालेल्यांसाठी रक्तातली आयजीआरए चाचणी योग्य, क्वांटिफेरॉन नावानं ती मिळते. विद्यापीठाच्या यादीत दोन टप्प्यांची त्वचाचाचणी लिहिलेली असली तरी त्याऐवजी आयजीआरए चालते का ते विचारा, बहुतेक ठिकाणी चालते.

क्रम चुकवू नका. एमएमआर किंवा कांजिण्यांची लस घेतल्यावर काही काळ क्षयरोगाच्या चाचणीचा निकाल भरवशाचा राहत नाही. म्हणून रक्त लशीच्या आधी किंवा त्याच दिवशी द्या, नाहीतर किमान चार आठवडे थांबा.

बाळपणीचं लसीकरणाचं कार्ड गावी हरवलेलं असणारच. गोवर, गालगुंड, रुबेला, कांजिण्या यांची टायटर (रक्तातली प्रतिपिंडं मोजणारी चाचणी) करून घ्या. भारताच्या सरकारी लसीकरणात गालगुंडाची लस नसल्यानं तेवढंच टायटर निगेटिव्ह येणं नेहमीचं आहे. मग एमएमआरचे दोन डोस, मध्ये २८ दिवस. कावीळ-बीचं प्रतिपिंडांचं प्रमाण १० एमआययू/एमएल किंवा त्याहून जास्त हवं. कमी आलं तर एक डोस घेऊन एक-दोन महिन्यांनी पुन्हा तपासतात. नव्यानं पूर्ण मालिका लागली तर नेहमीच्या लशीला सहा महिने लागतात. हेप्लिसॅव्ह-बीचे दोन डोस मात्र महिन्याच्या अंतरानं होतात, घाईत असाल तर तिची चौकशी करा.

बाकी यादी सरळ आहे: टीडॅप (धनुर्वात, घटसर्प, डांग्या खोकल्याची लस), त्या हंगामाची फ्लूची लस, बीएलएस (प्राथमिक जीवरक्षणाचं प्रमाणपत्र), हिपाचं (रुग्णाच्या माहितीच्या गोपनीयतेचा कायदा) प्रशिक्षण, पार्श्वभूमी तपासणी, ड्रग टेस्ट. बीएलएसची मुदत दोन वर्षांची. ती सेमिस्टरच्या मध्येच संपत असेल तर आधीच नवं करून टाका, कारण मुदत संपलेल्या दिवसापासून पोर्टल तुम्हाला लाल दाखवतं आणि क्लिनिकल थांबतं.

रोटेशन सुरू झाल्यावर

पहिल्या दिवसाआधी दोन आठवडे संगणकप्रणालीचं लॉगिन मागा. ते नसेल तर नोंदी लिहिता येत नाहीत आणि तुम्ही नुसते कोपऱ्यात उभे राहता. पाहण्याचे तास पहिला एखादा दिवस ठीक, त्यापुढे ते प्रत्यक्ष सेवेत धरले जात नाहीत. पहिल्याच सकाळी प्रिसेप्टरशी ठरवून घ्या: आज दोन रुग्ण मी आधी पाहते, इतिहास घेते, तपासते, तीन मिनिटांत तुम्हाला सांगते, मग आपण एकत्र जाऊ. दुसऱ्या आठवड्यात चार, महिन्याअखेर आठ. रुग्णाला सांगताना ‘आरएन’ नाही, ‘एनपीची विद्यार्थिनी’ अशी ओळख द्या, बॅजवरही तेच हवं.

टायफॉनसारख्या, क्लिनिकलचे तास आणि रुग्ण नोंदवायच्या प्रणालीत नोंदी त्याच संध्याकाळी करा. वय, निदान, तुमचा सहभाग किती, हे आठवड्यानं आठवत नाही. वयोगटांची बेरीज दर पंधरा दिवसांनी पाहा. मुलं कमी पडताहेत हे दहाव्या आठवड्यात कळून उपयोग नसतो.

प्रिसेप्टर मध्येच नोकरी सोडतो, बाळंतपणाच्या रजेवर जातो, क्लिनिक विकलं जातं. यासाठी त्याच क्लिनिकमधला दुसरा प्रिसेप्टर सुरुवातीलाच विद्यापीठाकडून मंजूर करून ठेवा. करार क्लिनिकशी असल्यानं माणूस बदलला तरी फक्त त्याचं लायसन्स आणि रिझ्युमे द्यावा लागतो.

शेवटच्या आठवड्याची वाट न पाहता तासांवर दर महिन्याला सही घ्या आणि अंतिम मूल्यमापनाचा फॉर्म दोन आठवडे आधी प्रिसेप्टरच्या ईमेलवर जाईल असं पाहा, त्यांच्या स्पॅम फोल्डरमध्ये तो हमखास जातो. निघताना रोख रक्कम किंवा महागडी भेट नको. विद्यापीठाच्या लेटरहेडवर, त्यांनी शिकवलेल्या तासांचा आकडा आणि तारखा असलेलं पत्र मिळवून द्या. नूतनीकरणाला आणि कर-सवलतीला तेच लागतं, आणि पुढच्या वर्षी तुमच्याच बॅचमधल्या कुणाला त्या क्लिनिकनं हो म्हणावं असं वाटत असेल तर हे पत्र वेळेवर गेलेलं बरं.